अण्णांची पोस्टाची पायताणं

खोली बघायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा अण्णांनी माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. दारात उभ्या असलेल्या माझ्या पायांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "सात नंबर. डावा जरा थोराड. कॉलेजला हाईस?"

मी मान हलवली. पायांवरून कॉलेज कसं ओळखलं, हे विचारायचं धाडस मला कधीच झालं नाही.

अण्णा मूळचे आष्ट्याकडचे. सैन्यात होते, पण बंदूक त्यांच्या हातात फारशी आली नाही. सगळी नोकरी कोठारात गेली, जवानांना बूट देण्यात. "चेहरा विसरंन, पाय विसरणार न्हाई," असं ते सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांनी सांगलीत दोन खोल्या बांधल्या. मागच्या खोलीत ते आणि काकू, पुढच्या खोलीत मी भाड्याने. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्याजवळ राहणं सोपं नव्हतं, आणि त्याला कारण चपला.

अण्णा दुकानात जाऊन कधीच पायताण घेत नसत. "दुकानदार गोड बोलतो. मग आपुन पायाचं ऐकायचं सोडतो आन् त्याचं ऐकतो," हे त्यांचं कारण. ते सगळं पोस्टाने मागवत. शिमगा झाला, ऊन तापू लागलं की वर्तमानपत्रांत जाहिराती येत : उन्हाळी सेल, निम्म्या किमतीत सँडल, कॅनव्हासचे बूट, घरपोच. अण्णा त्या जाहिराती कात्रीने कापून देवांच्या तसबिरींच्या खाली चिकटवत. मग कोऱ्या कागदावर पाऊल ठेवायचं, पेन्सिलीने कड आखायची आणि तो कागद पाकिटात घालून पाठवून द्यायचा. काही आठवड्यांनी व्ही.पी. येई. पोस्टमनच्या हातावर आधी पैसे ठेवायचे, मग खोकं सोडायचं, अशी ती पद्धत.

खोक्यातून काहीही निघे. एकदा काळ्या बुटांच्या जागी गुलाबी पट्ट्यांचे सँडल आले. एकदा दोन्ही बूट उजव्या पायाचे आले. आपल्यासारखा माणूस अशा वेळी चिडतो, पत्र लिहितो. अण्णा बूट उलटेपालटे करून बघत आणि समाधानाने म्हणत, "बरोबर है. बसतील." जोडा चुकतो यावर त्यांचा विश्वासच नव्हता. "जोडा चुकत नसतो, जवान. पाय आळशी असतो. त्याला वळण लावावं लागतं."

हे वळण लावायला त्यांना माझे पाय मिळाले होते. नवा जोडा आला की ते तो बादलीत बुडवत, ओलाच माझ्या पायात चढवत आणि म्हणत, "जा आता कॉलेजला. पायावर वाळंल." मी नाही म्हणायला शिकलो नव्हतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं, त्यामुळे कॉलेजच्या गावात मोठ्या माणसांना नाही म्हणता येतं की नाही, तेही मला माहीत नव्हतं. मी फचफच आवाज करत वर्गात शिरे. ऐन चैत्रात एकदा सरांनी शिकवणं थांबवून खिडकीबाहेर पाहिलं, पाऊस आला की काय म्हणून.

काकूंना माझी दया येई. "मला लग्नात घातल्याली चप्पल अजून हाय," त्या म्हणत. "हे ती फाटायची वाट बघत्यात. मी काय पायात घालतच न्हाई."

त्या वर्षी मी वर्गात पहिला आलो. पारितोषिक समारंभाला पालकांना घेऊन या, अशी सूचना फळ्यावर लागली. वडील मेंढरांमागे बाहेर होते आणि ते नेमके कुठे आहेत हे मेंढरांनाच माहीत. राहिली आई. तिने माझं कॉलेज पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिने कुठलंच कॉलेज पाहिलं नव्हतं. तिने एकदा तरी यावं, समोर बसावं, एवढीच माझी इच्छा होती. बक्षिसापेक्षाही मला त्याचीच जास्त ओढ होती.

रविवारी मी म्हसवडजवळच्या आमच्या वाडीला गेलो. आई नको म्हणाली. "समदी बूटबिट घालून येणार. मी ही अशी अनवाणी. लोकं तुला काय म्हंतील?"

तिचं खरं होतं. पाय रुंद, टाचांना भेगा. बाजारातली चप्पल तिच्या पायात राहत नसे, राहिली तर भेगांतून रक्त काढी. चप्पल मिळाली तर येशील का, असं मी विचारलं. ती आपल्या पायांकडे बघत "व्हय" म्हणाली.

मी हे काकूंना सांगत होतो आणि पलीकडून अण्णांनी ऐकलं. तिथेच गाडी रुळावरून घसरली. "आईचं माप आण," ते म्हणाले. "सेल चालू हाय. मऊ तळव्याचे सँडल हाईत. ही जिम्मेदारी माझी."

स्टँडजवळच्या दुकानात तिला नेऊन घेऊ, असं मी चाचरत सुचवलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढच्या रविवारी कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन पुन्हा वाडीला गेलो.

कागद मी आईच्या पायापुढे ठेवला तशी ती मागे सरकली. "इद्येच्या कागदावर पाय ठिवू व्हय रं?"

"अगं, कोरा आहे."

"कोरा हाय म्हून काय झालं? उद्या लिवायचंच हाय की त्येच्यावर." आणि तिने कागद उचलून कपाळाला लावला, घडी करून माझ्या खिशात घातला. मग अंगणात जाऊन तिने कडब्याचं एक धाट उपसलं, टाचेपासून अंगठ्यापर्यंत मोजलं आणि कोयत्याने कापून माझ्या हातात दिलं. आमच्याकडे बाजारातून कुणाचं पायताण आणायचं तर माप असंच नेतात. मी एस.टी.त ते धाट शाळेतल्या पट्टीसारखं सांभाळून धरलं.

अण्णांनी ते पाहिलं. "ही काय वैरण आणलीस?"

मी कारण सांगितलं. काकूंनी पदराला हसू पुसलं. अण्णा हसले नाहीत. धाट खाली ठेवून ते त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. "लांबी घावली. रुंदी कुठाय?"

"आता परत जायला वेळ नाही, अण्णा."

"लेकाचा पाय आईवर जातो," ते शेवटी म्हणाले आणि मला कागदावर उभं केलं. लांबी धाटाची, रुंदी माझी, असा एक पाय त्यांनी तयार केला. तसा पाय जगात कुणाचाच नसावा. खाली तांबड्या शाईने 'अर्जंट' लिहून त्यांनी तो पाठवला. त्यानंतर रोज ते कोपऱ्यावर पोस्टमनची वाट अडवू लागले. पोस्टमनने आमच्या गल्लीत मागच्या बाजूने यायला सुरुवात केली.

व्ही.पी. आली ती समारंभाच्या आदल्या दिवशी. सँडल खरोखरच सुंदर होते. तपकिरी, मऊ, पट्टीवर बारीक वेल. या खेपेला बादली आली नाही. अण्णांनी खोबरेल तेलाचं बोट घेऊन सगळ्या पट्ट्या चोळल्या, पुन्हा फडक्याने पुसल्या.

सकाळच्या एस.टी.ने आई आली. चहा झाला. अण्णा सँडल घेऊन तिच्यापुढे खाली बसले, "ताई, पाय," म्हणाले. आई लाजून मागे झाली. मग तिने स्वतःच पाय घातला. बोटं गेली, पंजा अडला. तिने दाबून पाहिलं. पट्टी ताणली, पाय काही आत जाईना. भेगेतून लाल रेघ दिसली तसा तिने पाय ओढून लुगड्याखाली घेतला.

"लय मऊ हाईत, दादा," ती अण्णांना म्हणाली. "घरी जाऊन घालंन." आणि माझ्याकडे वळून, "तू जा. मी वैनीसंगं हितंच बसते. बक्षीस हितं आणून दाव."

आता पायाच्या आळसावर भाषण होणार, असं मला वाटलं. अण्णांनी सँडल उचलून खोक्यात ठेवले. मीच बोललो. "दुकानात गेलो असतो, तर पायात घालून बघता आलं असतं. तुमच्या सेलपायी ती इथवर येऊन बसलीय."

अण्णा उठले. आतून सैन्यातला खाकी शर्ट आणि गळ्यात शिट्टी घालून आले, काकूंच्या कानात काहीतरी म्हणाले आणि सायकल घेऊन निघून गेले. मला वाटलं, दुसरी एखादी जाहिरात गाठायला गेले असतील.

थोड्या वेळाने काकू आईला म्हणाल्या, "आवं, हे सांगाय इसरले. आज कॉलेजात चप्पल घालून कुणालाच आत सोडत न्हाईत. सरस्वतीची पूजा हाय."

"देवळावानी?" आईने विचारलं.

"देवळावानीच."

आई उठली. तिने चेहऱ्यावर पाणी मारलं, पदर नीट केला. मी काकूंकडे पाहत राहिलो. असला नियम आमच्या कॉलेजात कधीच नव्हता. पण आईसमोर त्यांना खोटं कसं पाडणार? दारातून तिला परत फिरावं लागलं तर काय सांगायचं, याची वाक्यं मनात जुळवत मी तिच्याबरोबर चालू लागलो. एकही धड जुळेना.

सभागृहाच्या दारात अण्णा उभे होते.

"पादत्राणं बाहेर," ते शांतपणे सांगत होते. "आत सरस्वतीला हार घातलाय." त्यांच्यामागे एन.सी.सी.ची दोन पोरं नंबराप्रमाणे जोडे लावत होती. खाकी शर्ट पाहून पोरांनी हुकूम मानला होता. क्रीडाशिक्षकांना वाटलं, ही प्राचार्यांची सूचना. प्राचार्यांना वाटलं, प्रमुख पाहुण्यांची अट. आणि पाहुण्यांना वाटलं, या कॉलेजची परंपराच आहे. ते वाकून बुटाच्या नाड्या सोडत होते आणि अण्णांनी त्यांना खांद्याचा आधार दिला होता. प्राचार्यांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तो आत ढकलायचा त्यांनी एकदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. चांगल्या चांगल्या साड्यांतल्या बायका एका हाताने भिंत धरून सँडल काढत होत्या आणि गार फरशीवर जपून पाय ठेवत होत्या.

आई आली. अण्णांनी तिच्याकडे ओळखीने पाहिलंसुद्धा नाही. "चला, ताई. रांग थांबवू नका," एवढंच म्हणाले. ती त्या बायकांमधून वाट काढत आत गेली. तिला काढायला काही नव्हतं, म्हणून ती सगळ्यांच्या आधी पोचली.

माझं नाव पुकारलं, मी वर गेलो, पुस्तकांचा गठ्ठा घेतला. टाळ्या झाल्या असतील. मी आईकडे बघत होतो. ती मांडी घालायला बघत होती, पण खुर्चीत ते जमेना, म्हणून पाय खाली मोकळे सोडून बसली होती. शेजारच्या बाईंशी काहीतरी बोलत होती.

कार्यक्रम संपायच्या जरा आधी मी आत वाटलेला पेढा घेऊन बाहेर आलो. दुपार चढली होती. दाराबाहेरच्या सावलीत जोड्यांच्या रांगा होत्या, आणि सावलीत जागा उरली नव्हती म्हणून अण्णा उन्हात उभे होते. राखण कुणीतरी करायला हवी होती. आत काय चाललंय हे त्यांना दिसत नव्हतं.

मी पेढा पुढे केला. सकाळी जे बोललो त्याबद्दल काही म्हणावं असं वाटत होतं. अण्णांनी पेढा घेतला, अर्धा तोडून रुमालात बांधला. काकूंसाठी असावा. माझ्या बक्षिसाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

"कितव्या रांगेत बसली हुती?"

"पहिल्या."

"पाय सोडून?"

"हो. पाय सोडून."

ते मान हलवत राहिले. मग शिट्टी खिशात घातली आणि बाहेर येणाऱ्या लोकांना वाट करून द्यायला बाजूला झाले.