इब्राहिमचाचांची साक्ष

मुरुडच्या एसटी स्टँडवर इब्राहिमचाचा कंट्रोलर होते, तेव्हा अलिबागची गाडी डोळ्यांसमोर येऊन उभी राहिल्याशिवाय ते तिची घोषणा करत नसत. मागच्या थांब्यावरून फोन आला तरी नाही. "फोनवाल्यानं गाडी स्वतः बघितली काय? का त्यालाही कुणी सांगितलं?" प्रवासी कपाळावर हात मारून घेत.

मी त्यांचा शेजारी, शाळेत मास्तर होतो. मला "आज पाऊस येणार" एवढंही म्हणायची सोय नव्हती. "कुणाकडनं ऐकलंत?" पेपरात वाचलं. "पेपरवाल्यानं कुणाकडनं?" मी छत्री उचलून चालू लागे.

निवृत्तीनंतर दर शुक्रवारी, नमाज झाली की, त्यांच्या ओटीवर चार-पाच म्हातारे जमत आणि चाचा हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं, सांगत. आधी सांगणाऱ्यांची नावं: यानं त्याच्याकडनं ऐकलं, त्यानं त्याच्याकडनं, थेट पैगंबरांपर्यंत. नावं संपेस्तोवर दोन म्हातारे पेंगलेले असत.

त्यांचा एकुलता एक दोस्त कोर्लईचा पास्कू. होड्या दुरुस्त करणारा सुतार, कॅथलिक. दोघं भेटले की भांडायचे.

"येशूनं आपल्या शिष्याला, पेत्राला, अधिकार दिला," पास्कू म्हणे, "तो एकानं दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवत ठेवत आमच्या फादरपर्यंत आलाय. फादर बोलले, विषय संपला."

"मधल्या माणसांत खोटारडा कोण होता, ते तपासलं काय कुणी? आमच्यात तपासतात. एक जण हदीस ऐकायला कोसभर चालत गेला. बघतो तर सांगणारा रिकामी ओंजळ दाखवून घोड्याला फसवून बोलावतोय. तसाच माघारी फिरला. जो घोड्याला फसवतो त्याच्याकडनं हदीस घ्यायची न्हाय!"

"ही गोष्ट तुला कुणी सांगितली?" पास्कूनं विचारलं.

चाचा दोन दिवस जुनी पुस्तकं चाळत होते.

मागच्या वर्षी पास्कूनं अंथरूण धरलं. बायको कधीच गेलेली. मुलगी लीनानं त्याच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हा त्यानं तिला घराबाहेर काढलं होतं; ती पनवेलला राहायची. आठ वर्षं बोलणं नाही. आता तो एकच विचारी, "लीना येईल काय?"

चाचा मला घेऊन पनवेलला गेले. लीनानं दार अर्धवट उघडलं, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांना सांगा, लीना मेली." दार बंद झालं.

आम्ही थेट कोर्लईला उतरलो. पास्कू वाट पाहत होता.

"येतेय," चाचा म्हणाले. "रडली. बाबांना जेवण जातं का, म्हणून विचारत होती."

"तू स्वतः ऐकलंस?"

"माझ्या कानांनी."

पास्कूनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

पुढच्या शुक्रवारी म्हातारे आले, तर चाचांनी त्यांना मशिदीत जायला सांगितलं. ओटी बंद. मौलवीसाहेब समजवायला आले, तेव्हा चाचांनी त्यांना सगळं सांगितलं. मरणाऱ्या माणसाच्या समाधानासाठी बोललात, अल्ला माफ करील, म्हणाले.

"करील की. तो मोठा हाय," चाचा म्हणाले. "पण माझ्याकडनं हदीस कशी घ्यायची? मी खोटं बोललेला माणूस."

"आमच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे, चाचा?" मी म्हटलं.

"मला हाय."

चाळीस वर्षं पाठ केलेलं सगळं त्यांनी तसंच आत ठेवलं. दुपारी रिकाम्या ओटीवर एकटे बसत. भांडायलाही कुणी उरलं नव्हतं.

गेल्या महिन्यात लीना आली. कोर्लईच्या घराला कुलूप, म्हणून विचारत विचारत इथवर पोचली. ओटीच्या पायरीशी उभी राहून म्हणाली, "चाचा, बाबा शेवटी माझ्याबद्दल काय बोलले?"

मी शेजारीच होतो. वाटलं, एवढं एक गोड बोलून टाका.

चाचांनी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. तिचं वाक्य त्यांनी पोचवलं नाही, त्याच्या जागी दुसरं सांगितलं, तेही. "तू वाटेत आहेस असं समजून गेला, बेटा. उशाजवळची खुर्ची कुणाला बसू देत नव्हता. तुझी म्हणायचा."

लीना पायरीवर बसून रडू लागली. चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, चहा टाकतो म्हणाले आणि आत गेले.

बऱ्याच वेळानं मी बघायला गेलो. चूल पेटवलेलीच नव्हती. चाचा भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते.