‘धोटा’चा पहिला अल्बम आणि न थांबलेली किंकाळी

‘धोटा’ या बँडच्या पहिल्या पूर्ण अल्बमचं रेकॉर्डिंग चालू असताना, चौथ्या गाण्याच्या शेवटी गायिका सुकन्या मगदूमनं मारलेली किंकाळी थांबली नाही.

सुकन्यानं तोंड मिटलं, पाणी प्यायलं, खुर्चीत बसली. किंकाळी माइकसमोर, तिच्या तोंडाच्या उंचीवर चालूच राहिली. तौफिकनं गिटार खाली ठेवून रेकॉर्डिंग बंद केलं. ड्रमवरच्या अभिनंदननं उठून माइकची वायर काढली. मग तिघांनी चहा मागवला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

हे इचलकरंजीत घडलं. अभिनंदनच्या वडिलांच्या शेडमधले जुने यंत्रमाग भंगारात गेले होते आणि नवे यायचे होते. मधल्या रिकाम्या दिवसांत शेड बँडला मिळाली होती. आजूबाजूला माग धडधडत असल्यामुळे हार्डकोर पंकबद्दल कुणाची तक्रार नव्हती. किंकाळीबद्दल मात्र आली. जेवणाच्या सुट्टीत माग थांबतात. ती थांबत नव्हती.

पालिकेतून बिरांजे साहेब आले. त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि किंकाळीभोवती एक फेरी मारली.

“कुणाची ही?”

“माझी,” सुकन्या म्हणाली.

“पण तुमचं तोंड मिटलेलं आहे.”

“व्हय. ती बाहेर राहिलीय.”

“आत घेता येत नाही?”

“बघितलं की. तोंड उघडून समोर उभी राहिले. आली नाही.”

साहेबांनी मान हलवली. “बंद करा असं मी म्हणू शकत नाही. ते ओरडणाऱ्या माणसाला सांगायचं असतं, आणि तुम्ही तर ओरडत नाही. फक्त तिला एकटी सोडू नका. शेजारी माणूस असला की ते गाणं धरता येतं. एकटी असली की लोकांना भीती वाटते.”

“तिलाही वाटत असेल,” तौफिक म्हणाला.

“ते आमच्याकडं येत नाही,” साहेब म्हणाले. पण जाताना त्यांनी दार अगदी हळू लोटलं.

तेव्हापासून तिघं पाळीपाळीनं तिच्याजवळ बसू लागले. खरी अडचण पुढच्या गाण्यांची होती. सुकन्याला आता ओरडता येईना. ती जीव तोडून तोंड उघडायची आणि बाहेर पडायचा तो सरळ, स्वच्छ सूर.

“असं कसं चालेल?” ती रडकुंडीला आली. “आपण हार्डकोर आहे.”

“ओरडायचं काम ती करतीय की,” अभिनंदन म्हणाला. “तू सूर लाव.”

पण किंकाळी एकाच उंच जागी ताणलेली होती, आणि त्या जागेशी गिटार काही केल्या जुळेना.

सुकन्या दिवसभर शेडवरच राहते म्हणून एक दिवस तिची आई, शशिकला, डबा घेऊन आली. बँडचं काम बघायला ती याआधी कधी आली नव्हती. ती घरी मागांसाठी सुताच्या कांड्या भरायचं काम करायची. गेल्या वर्षी सुकन्याचे वडील, आप्पा, गेले, तेव्हापासून मायलेकींचं बोलणं फारसं होत नसे. उभा जन्म मागावर गेल्यामुळे आप्पांना ऐकू येत नव्हतं, आणि त्यांच्यासाठी सगळं घर ओरडून बोलायचं. ते गेल्यावर ओरडायचं कारण संपलं. हळू बोलायची सवय दोघींनाही नव्हती.

शशिकला डबा हातात धरून किंकाळीसमोर बराच वेळ उभी राहिली.

“ही किंकाळी न्हाई,” ती म्हणाली. “हाक हाय. आप्पांना जेवायला बोलवायचीस, ती.”

सुकन्यानं खाली बघितलं. “गाण्याच्या शेवटी ‘आप्पा’ म्हणायचं होतं. ‘आ’ म्हटलं, आणि पुढचं आलंच नाही.”

“मग ती थांबंल कशी? कुणी ओ दिली काय तिला?”

तौफिक आणि अभिनंदननं एकमेकांकडं बघितलं. हे कुणालाच सुचलं नव्हतं.

शशिकलानं डबा खाली ठेवला, पदर खोचला आणि बहिऱ्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ओ!”

किंकाळी थांबली नाही. पण हळूहळू खाली उतरली, जराशी घोगरी झाली आणि एका सुरावर येऊन टेकली. तौफिकनं झटकन गिटार उचलली आणि तो सूर धरला. सुकन्या गायला लागली तेव्हा तिचे गाल ओले होते. अभिनंदन म्हणाला की ठेका चुकला तरी कुणी थांबायचं नाही.

उरलेली गाणी अशीच झाली. शशिकला रोज येऊन किंकाळीशेजारी बसायची, म्हणजे तिघांनाही वाजवता यायचं. अल्बम निघाला. सांगलीच्या एका मुलीनं कळवलं की अल्बम संपल्यावरही मागं काहीतरी चालू राहतं, आणि ते तिला आवडतं.

नवे माग आले, शेड रिकामी करायची वेळ झाली. किंकाळी कुठं ठेवायची, असा प्रश्न निघाला.

“आमच्यात येऊ दे,” शशिकला म्हणाली. “बाहेरची खोली हाय की.”

किंकाळी मोपेडवरून नेली. पुढं सुकन्या, मागं शशिकला, मधे ती. चौकात लोकांनी रुग्णवाहिका समजून वाट दिली.

घरी पोचल्यावर शशिकलानं आमटी टाकली. बाहेरच्या खोलीतून येणाऱ्या आवाजात साधं बोललेलं ऐकू येईना.

“सुकन्या, मीठ बघ गं!” ती ओरडली.

“बरोबर हाय!”

“काय?”

“बरोबर हाय म्हटलं! वाढ!”

शेजारच्या वहिनींनी खिडकी उघडून काय चाललंय म्हणून विचारलं.

“जेवतोय!” दोघी एकदमच ओरडल्या.