बोकारेकाकांचं भाकीत

बेसबॉलची कुठली टीम पुढच्या मोसमात कितवी येणार, हे बोकारेकाका खेळाडूंच्या घरगुती परिस्थितीवरून ठरवतात.

"टेक्सासवाले चौथे," भर हिवाळ्यात ओली छत्री आमच्या दारात झटकत ते जाहीर करतात. "पिचरला जुळं झालं त्यांच्या. रात्रभर पोरं रडणार, सकाळी हा काय चेंडू टाकेल?"

"आणि आपण, काका?" आपण म्हणजे सिअ‍ॅटल.

"पहिले! कॅचरचं लग्न ठरलं. मुलगी शाळेत शिकवते. आता वेळेवर जेवून राहिला तो. उघडंच आहे बाप्पा!"

मी कधी फोनवर खेळाडूंचे आकडे दाखवले, तर ते चष्मासुद्धा लावत नाहीत. "आकड्यांना सासुरवाडी असते का?"

सिअ‍ॅटलच्या विभागात पाच टीम. काकांचा क्रम आजवर एकदाही जुळलेला नाही. पण म्हणून काका चुकले, असंही कधी झालेलं नाही. "भाकीत बरोबरच होतं. टीम चुकीची खेळली."

काका मूळचे नागपूरचे. तरुणपणी इकडे अमेरिकेत आले, सिअ‍ॅटलजवळ रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी केली, रिटायर झाले. काकू गेल्या, मग मुलगी नोकरीसाठी दूर मिनेसोटात, ईडन प्रेरीला गेली. आता तिथून जवळच, बॉथेलमध्ये आमच्या शेजारच्या घरात ते एकटेच असतात. त्यांच्या ऑफिसात एक देसाई होते. एका वर्षी काका म्हणाले सिअ‍ॅटल पहिलं, देसाई म्हणाले शेवटचं. सिअ‍ॅटल शेवटचं आलं आणि देसाईंनी ऑफिसभर पेढे वाटले. काकांनी पेढा तर घेतला नाहीच, देसाईंशी बोलणंही सोडलं, ते कायमचं.

गेल्या फेब्रुवारीत माझी नोकरी गेली. माझी बायको सई गरोदर, आणि आम्ही माझ्या व्हिसावर. दोन महिन्यांत दुसरी नोकरी नाही मिळाली, तर सामान बांधून पुण्याला परत. ओळखीचे लोक फोन करायचे, हळहळायचे, "काहीतरी होईल रे" म्हणून ठेवून द्यायचे. काका मात्र रोज सकाळी यायचे आणि तिसरा नंबर कुणाला द्यायचा यावर माझ्याशी वाद घालायचे.

एक दिवस माझा तोल सुटला. "काका, इथे माझी झोप उडालीय आणि तुम्ही बेसबॉल काय घेऊन बसलात!"

मला वाटलं, काका दुखावले. पण ते म्हणाले, "तू टीमबाहेर नाहीस बे. इंजर्ड लिस्टवर आहेस, जखमी खेळाडूंच्या यादीत. त्यालाही जर्सी असते."

सई खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी आमच्या घरात कोणी हसत होतं.

पुढे दोन ठिकाणांहून बोलावणं आलं, एक मिनेसोटातून, एक रेडमंडहून. रेडमंडचं जमलं. पहिल्याच दिवशी पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ माझ्या डेस्कशी आले.

"बोकारेंचा निखिल तूच ना? मी देसाई."

मी उठून उभाच राहिलो.

"इतक्या वर्षांनी त्याचा फोन आला," ते म्हणाले. "म्हणतो, 'देसाई, त्या वर्षी तुझंच खरं होतं, मी चुकलो.' मला वाटलं, याची तब्येत बिघडली! मग म्हणतो, 'माझ्या शेजारच्या पोराचा रेझ्युमे बघ.' तुझा रेझ्युमे चांगला होता म्हणून पुढे पाठवला. पण उघडून बघितला, तो त्याच्या त्या वाक्यापायी."

संध्याकाळी मी बूटही न काढता काकांच्या स्वयंपाकघरात गेलो. ते वांग्याचं भरीत परतत होते. मी वाकून नमस्कार केला.

"देसाई बोलला वाटतं," काका कढईतच बघत म्हणाले. "त्याच्या पोटात काही राहत नाही."

"काका, तुम्ही माझ्यासाठी…"

"मिनेसोटाची कंपनी पण चांगली होती," त्यांनी माझं बोलणं तोडलं. "जा म्हणूनच सांगणार होतो तुला." मग त्यांनी गॅस बंद केला. "पोरगी गेली तेव्हा मी हसत हसत तिचं सामान गाडीत भरलं होतं. परत एकदा जमलं नसतं बे."

काकांनी कपाटातून तीन ताटं काढली.

"उभा काय राहिलास? सईला बोलव. भरीत गरम आहे."