खोली आत जाईना

माझा हात लागला आणि यंत्र सुधारलं नाही, असं आजवर कधी घडलेलं नाही. अख्खी नोकरी मी नाशिकच्या यष्टी वर्कशॉपात काढली. (काढली म्हणजे स्टोअरच्या खिडकीत बसून नट-बोल्ट दिले. यंत्राला हात लावायची मला मनाई होती, आणि ती लेखी होती.) शाळा म्हणाल तर सातवी. आठवीने मला घेतलं नाही, मीही तिचा नाद सोडला. पण शिकलेल्या माणसांची फजिती बघायला शिक्षण लागत नाही. नुसतं शेजारी खुर्ची टाकून बसलं तरी भागतं.

आमचा जावई देवव्रत भरपूर शिकलेला आहे. पुण्याचा, त्यातून इंजिनिअर, त्यातून दोह्यात गॅस कंपनीत. पाव कापायच्या आधी पावाच्या पिशवीवरचा मजकूर वाचणारा माणूस. लेक मृणालिनी त्याच्या संसारात सुखी आहे, नात नुपूर मराठीत ऐकते आणि इंग्रजीत उलटून बोलते, आणि हिवाळा काढायला मी आणि मीना (म्हणजे माझी बायको; लग्नाला इतकी वर्षं झाली की आता ती माझी सीआयडीच आहे) दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर जाऊन राहिलो होतो.

आता या देशातली एक गंमत. थंडी पडली की इथली माणसं एसीची घरं सोडून वाळवंटात जाऊन राहतात. आमच्याकडे याला बेघर होणं म्हणतात. इथे कॅम्पिंग म्हणतात, आणि हौसेने करतात.

तर देवव्रतच्या साहेबाने आपली कॅरॅव्हॅन आम्हाला शुक्रवार-शनिवारसाठी वापरायला दिली. साहेबाला सगळे बू हमद म्हणतात, म्हणजे हमदचा बाप. इथे माणूस मुलाच्या नावाने ओळखला जातो. (मृणालिनीच्या नावाने मला कोणी ओळखू नये, याची मृणालिनी फार काळजी घेते.) साहेब स्वतःच गाडी सीलाइनच्या किनाऱ्यालगत वाळूत उभी करून गेला होता आणि शनिवारी दुपारच्या आत स्वतःच ओढून नेणार होता, कारण मग त्याची आई तिच्यात राहायला जाणार होती.

त्या गाडीला एक खोली होती. नुसती खोली नव्हे. बटण दाबलं की भिंतीतून अख्खी खोली बाहेर सरकायची, पलंग, खिडकी, पडद्यासकट. गाडी ओढून न्यायची तर आधी तिला परत आत घ्यायची.

"अण्णा, याला स्लाइड-आउट म्हणतात," देवव्रत म्हणाला.

"आमच्याकडे याला खण म्हणतात," मी म्हटलं. "आम्ही त्यात चमचे ठेवतो. तुम्ही सासू-सासरे ठेवताय."

खोली बाहेर येताना 'कुईंऽऽ' करून ओरडली. त्या खोलीच्या दोन्ही अंगांना बाहेरून दातेरी पट्ट्या होत्या, त्यांच्यावरून ती सरकायची. देवव्रतने लगेच माहितीपुस्तक उघडलं आणि कीर्तनाला उभं राहावं तसा उभा राहून वाचू लागला. "पट्ट्यांना फक्त कोरडा सिलिकॉन स्प्रे. तेल लावू नये, ग्रीस लावू नये. वाळू चिकटते." स्प्रे घरी राहिला होता. "आवाज होऊ दे, अण्णा. आवाजाने काही बिघडत नाही."

आवाजाने काही बिघडत नाही! असल्या विचाराच्या माणसांच्या हातात अख्खा गॅस दिलाय या देशाने.

दुपारी मंडळी समुद्रावर गेली. मी गुडघ्याचं निमित्त करून मागे राहिलो आणि एक छोटासा निर्णय घेतला. मीनाच्या पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली. तेल म्हणजे तेल. केसाला चालतं ते पट्टीला न चालायला काय झालं? डावीकडच्या पट्टीला न्हाणीवर पोराला चोपडतात तसं चोपडलं. उजवीकडे वळलो तर बाटली संपली. म्हटलं, असू दे. एका बाजूने गप्प बसली तरी पुष्कळ. (हाच नियम मी घरात लावून बघितला आहे. चालत नाही.)

बटण दाबून खोली आत घेतली, बाहेर काढली. आवाज निम्मा! मंडळी परतली तेव्हा मी सातवी पास चेहऱ्याने चहा पीत होतो.

"अहो, माझी तेलाची बाटली कुठे गेली?" मीनाने विचारलं.

"वाळवंटात वस्तू आटतात," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी उठलो तर असा गारठा, की नाक हाताला लागेना. रात्रभर वारं सुटलं होतं, वाळू कानात, वाळू चहात. देवव्रतने सामान बांधलं, सगळ्यांना गाडीबाहेर काढलं आणि बटण दाबलं.

उजवी बाजू आत जायला लागली. डावी हलेना. खोली तिरकी झाली आणि 'कर्र्र' करून थांबली; मानपानावरून रुसलेल्या व्याह्यासारखी, एक खांदा मांडवात आणि एक रस्त्यावर.

"आजोबा, इट्स स्टक," नुपूर म्हणाली. पोरगी हुशार आहे. बापाला तेच कळायला अर्धा तास लागला.

त्याने बॅटरी पाहिली. फ्यूज पाहिले. गाडी सपाट उभी आहे का, हे बघायला एक बुडबुड्याची पट्टी ठेवून तिच्याकडे एक डोळा मिटून बघत राहिला. मग पुस्तक. मग परत बॅटरी. मी त्याला म्हटलं, "जावईबापू, हिची दृष्ट काढून बघा, तेवढंच राहिलंय."

तेवढ्यात मृणालिनीने मला बाजूला ओढलं. "अण्णा, आज थट्टा नको हं. त्याचं काँट्रॅक्ट संपतंय. रिन्यू करायचं की नाही, हे बू हमदच्या सहीवर आहे, आणि सही उद्या व्हायचीय. त्यांची गाडी अशी वाकडी करून ठेवली तर... नुपूरची शाळा, घर, सगळंच गुंडाळावं लागेल हो."

मी म्हटलं, "घाबरू नकोस, मी आहे ना." ती आणखीच घाबरली.

शेजारच्या तंबूतून सदानंद धावत आला. हा दोह्यातल्याच अल सद्द भागात राहणारा, मुंबईहून आयटीच्या कामावर आलेला तरुण. हातात फोन, फोनात व्हिडिओ, व्हिडिओत एक गोरा माणूस अशीच खोली दुरुस्त करताना.

"काका, हा सिंकचा इश्यू आहे," तो मला म्हणाला.

"सिंक आत आहे. ओट्याशेजारी."

"नाही हो, दोन्ही मोटरी सिंकमध्ये नाहीत."

"असणारच कशा? तिथे भांडी घासतात."

त्याने बटण बंद करून चालू केलं. आयटीतल्या माणसाला देवाने इतकीच विद्या दिली आहे, पण तिचा पगार चांगला मिळतो. मला चेव चढला. म्हटलं, "सदानंद, वर्कशॉपात आम्ही मोटर तपासायचो ती कान लावून. भिंतीवर टकटक करायची, आतून उत्तर येतं का ऐकायचं." तो खरंच गाडीला कान लावून टकटक करत फिरू लागला. देवव्रतने आतून वैतागून भिंतीवर बुक्की मारली. "आलं!" सदानंद ओरडला. "उत्तर आलं!"

हसता हसता माझी नजर डाव्या पट्टीवर गेली आणि मी हसायचा थांबलो.

पट्टीवर खोबऱ्याची वडी थापली होती. साखरेच्या जागी वाळू. कतार म्हणजे भट्टी, इथे खोबरेल कुठलं गोठतंय, असा माझा शास्त्रीय समज होता; त्या तेलाने रात्री थंडी बघितली आणि नाशिकची आठवण काढून पांढरंफेक होऊन बसलं. आणि वाऱ्याने वर वाळू पेरली. दाता-दातात वडी. आता तिथे मोटर काय, बैल जुंपले असते तरी खोली हलली नसती.

मी काय केलं असेल? खुर्ची घेतली, तिच्या पाठीवर ब्लँकेट टाकलं आणि बरोब्बर त्या पट्टीसमोर टेकून बसलो.

"अण्णा, जरा सरकता? ही बाजू बघायचीय," देवव्रत म्हणाला.

"गुडघा धरलाय. आणि ही बाजू मी बघितली. उत्तम आहे."

आता एवढं लक्षात ठेवा : सूर्य माझ्या समोरून येत होता. म्हणजे ती वडी वितळावी म्हणून देवाने ऊन पाठवलं होतं, आणि त्या दोघांच्या मध्ये मी ब्लँकेट लावून बसलो होतो. हे मला तेव्हा कळलं नाही. (सातवीत उष्णतेचा धडा होता. मी त्या दिवशी चिंचा पाडत होतो.)

दुपार व्हायच्या आधीच पांढऱ्या लँडक्रूझरमधून बू हमद उतरला. उंच, गंभीर, दाढी कोरलेली. मी उठलो. थोरामोठ्यासमोर बरं दिसावं म्हणून ब्लँकेट शालीसारखं अंगावर घेतलं आणि पुढे होऊन नमस्कार केला. बू हमदने आधी तिरक्या खोलीकडे पाहिलं, मग देवव्रतकडे. देवव्रतचा चेहरा पिठासारखा झाला.

पण इथली रीत अशी की आधी कॉफी. बू हमदने थर्मास काढला, खजूर काढले, सतरंजी अंथरली. वेलचीची ती पिवळट कॉफी इवल्याशा पेल्यातून देतात, आणि पेला हलवून 'पुरे' म्हणेपर्यंत देतच राहतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी पीत राहिलो, तो ओतत राहिला. आणि मागे ऊन पट्टीवर पडत राहिलं.

शेवटी नुपूरने माझा पेला हलवून दिला. बू हमद उठला, गाडीभोवती एक फेरी मारली, डाव्या पट्टीवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. मी ब्लँकेट आणखी घट्ट लपेटलं.

"यल्ला," तो म्हणाला, आणि देवव्रतने बटण दाबलं.

खोली करकरली, थरथरली, आणि वाळू चावत चावत सरळ होऊन आत गेली. मृणालिनीने डोळे मिटून घेतले. सदानंद म्हणाला, "बघा, सिंक झालं!"

बू हमद मात्र हसला नाही. हात पुसले, देवव्रतच्या खांद्यावर हात ठेवला, अरबीत काहीतरी पुटपुटला आणि शेवटी स्पष्ट म्हणाला :

"देवव्रत... खलास."

माझ्या पायाखालची वाळू सरकली. (ती तशीही सरकतच असते.) आमच्या नाशकात खलास या शब्दाला एकच अर्थ. उंदीर खलास. पाकीटमार खलास. सूक वाकिफच्या बाजारातसुद्धा दुकानदार 'खलास' म्हणाला, की माल संपला असं समजून मी पुढच्या दुकानात जात असे. आणि आता लेकीचा संसार खलास! मी सगळ्यांची थट्टा केली आहे, पण पोरीच्या घरावर बेतलं तेव्हा मला थट्टा आठवली नाही. ब्लँकेट सावरत मी मध्ये पडलो.

"साहब! साहब, जमाई को खलास मत करो! उसका गलती नहीं! तेल मैंने डाला!"

बू हमद माझ्याकडे वळला.

"तेल?" बू हमद म्हणाला. त्याचं हिंदी माझ्यापेक्षा चांगलं निघालं. "कौन सा तेल?"

"खोबरा का. बाल का. पूरा बोतल."

बू हमदने बोट परत नाकाशी नेलं. मग त्याच्या कोरलेल्या दाढीतून असं हसू फुटलं की तो गाडीला धरून उभा राहिला. देवव्रत मात्र हसला नाही.

"अण्णा," तो एकेक शब्द तोलत म्हणाला, "खलास म्हणजे झालं. काम झालं. संपली कटकट. ते म्हणत होते, वाळूने असं होतंच, काळजी करू नकोस, उद्या ऑफिसात ये, सही करून टाकू."

"मग आधी सांगायचं होतं," मी म्हटलं.

"कधी? तुम्ही 'मत करो' म्हणायच्या आधी?"

"आजोबा, यू आर सो डेड," नुपूर म्हणाली. म्हणजे खलासच, पण तिच्या इंग्रजीला कोणी हरकत घेतली नाही.

बू हमदने डोळे पुसले आणि जाहीर केलं, "देवव्रत, सही पक्का. कॅरॅव्हॅन भी, जब चाहिए तब ले जाओ. लेकिन..." त्याने बोट माझ्याकडे केलं. "बाबा नहीं."

सदानंद खो-खो हसत सुटला. ज्याने सकाळभर भिंतीला कान लावले, तो मला हसतो! लँडक्रूझर गाडी ओढत निघून गेली. मृणालिनी देवव्रतच्या खांद्याला टेकून रडता रडता हसत होती, आणि माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. फक्त मीना बघत होती. तिचे केस कोरडे, वाऱ्याने उडालेले, त्यात वाळू.

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "अगं, मी त्याची नोकरी वाचवायला बोललो. बाप आहे शेवटी. माझ्या जागी कोणी गप्प बसलं असतं का?"

मीनाने पदराने तोंडावरची वाळू पुसली.

"अहो, एवढ्या थंडीत बाटलीभर तेल गोठलं," ती म्हणाली. "तुमची जीभ तेवढी कशी हो गोठली नाही?"