सावंतकाका आणि गच्चीची चावी

सावंतकाका कुणाच्याही घरी गेले की पाणी मागायच्या आधी गच्चीची चावी मागतात. त्यांच्या पुतणीच्या साखरपुड्याला घाटकोपरला गेलो, तर पेढा हातात तसाच धरून हे वर. मुलाकडच्यांना वाटलं, इमारत अनधिकृत आहे की काय ते बघायला आलेत. खाली येऊन व्याह्यांना म्हणाले, "पोरगो बरो आसा, पण गच्ची कामाची नाय."

काका मूळचे कणकवलीचे, मुलुंडला आमचे शेजारी. ते आणि माझे बाबा, दोघेही हौशी रेडिओवाले, म्हणजे छंद म्हणून वायरलेसवर गप्पा मारणारे. त्यांच्या क्लबचा रिपीटर, म्हणजे वॉकीटॉकीचा क्षीण आवाज पकडून लांबवर पोचवणारा डबा, भांडुपच्या एका गच्चीवर होता. ती इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आणि डबा काकांच्या पलंगाखाली आला.

आमच्या घराची मात्र रया गेली. अर्धांगवायू झाल्यापासून बाबांचे शब्द उशिरा येतात. फोनवर लोक त्यांचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकतात, मीही करायचो. रेडिओवर बोलणारा बटण सोडेपर्यंत कुणाला मध्ये तोंड घालता येत नाही. संध्याकाळचा तेवढा अर्धा तास बाबा माणसांत असायचे. डबा बंद पडला तसा तोही गेला आणि ते खिडकीशी गप्प बसून राहू लागले.

मग दर रविवारी काका आणि मी गच्च्या हुडकत हिंडलो. पिशवी, अँटेना आणि काकांच्या सूचना, तिन्हींचं ओझं माझ्यावर. प्रत्येक गच्चीवरून काका क्लबातल्या एकेकाला आवाज द्यायला सांगायचे. बाबा घरून एक ते दहा आकडे म्हणायचे.

शेवटी घाटकोपरला एका टॉवरची तिसाव्या मजल्यावरची गच्ची मिळाली. वीज, लिफ्ट, सेक्रेटरीसुद्धा भला माणूस. ट्रॉम्बे, वांद्रे, वाशी, सगळे खणखणीत. क्लबवाले म्हणाले, झकास, हीच जागा. फक्त आमच्या तळमजल्यावरून बाबांचे आकडे आले नाहीत, आणि तिकडे लक्ष गेलं ते आम्हा दोघांचंच. घरावर मोठी अँटेना लावायला आमची सोसायटी देत नव्हती. मी मनात म्हटलं, संपलं.

काकांनी क्लबला कळवलं, इथे लिफ्टच्या मोटारीची खरखर येते, जागा नको. लोक चिडले. म्हातारा हट्टी आहे, असं त्यांच्या तोंडावर म्हणाले. दोन आठवड्यांनी काकांनी मुलुंडचीच एक सात मजली जुनी इमारत धरली. तिथून वांद्रे जेमतेम येतं. लिफ्ट बंदच असते, आणि काकांचे गुडघे मला ठाऊक आहेत. वर पोचून ते टाकीला टेकले, धापा टाकत बटण दाबून म्हणाले, "बोल रे."

बराच वेळ काही नाही. मग "एक..." आला. मग "दोन..." दहापर्यंत पोचायला बाबांना मिनिटभर लागलं असेल. काका डोळे मिटून ऐकत होते. मला रडू आवरेना.

जिना उतरताना मी विचारलं, "काका, टॉवरवर खरखर नव्हतीच ना? खरं कारण सांगायचं होतं. लोकांनी समजून घेतलं असतं."

"तुझ्या बापाशीसाठी जागा बदलली असा सांगितलंय, तर तो उद्यापास्ना बटानच दाबूचो नाय," काका कठडा धरून एकेक पायरी उतरत म्हणाले. "वळखतंय मी तेका."