वरून पाणी सोडलंय

दगडाबाईंची एकच अट होती. खुर्ची.

जावई जीवनची बदली अंदमानला झाली होती. त्याने सासू-सासऱ्यांना आठ दिवस आरामाला बोलावलं, एका छोट्या बेटावर समुद्राला लागून असलेल्या हॉटेलात खोली घेतली आणि फोटो पाठवला. निळं पाणी, पांढरी वाळू, झाडाखाली एक लांबलचक लाकडी खुर्ची. दगडाबाईंनी फोटो बोटांनी मोठा केला. पाणी सोडून नेमकी खुर्ची मोठी केली.

"मला हिच्यावर बसायचंय. कुनी उठ म्हनायचं न्हाई. बाकी मला काई दाखवू नका."

"बस की. आठ दिवस बस," दिनकरराव म्हणाले.

आता हा शब्द कितपत खरा धरायचा, ते दगडाबाईंना चांगलं माहीत होतं. दिनकरराव सत्तावीस वर्षं पोलीस पाटील. जिंतूर तालुक्यातलं नदीकाठचं गाव, वर येलदरीचं धरण. दरवाजे उघडायचे ठरले की यांना फोन यायचा आणि हे शिट्टी वाजवत गावभर फिरायचे. माणसं, गुरं, शेळ्या, सगळे टेकडीवर. त्यात पहिला नंबर दगडाबाईंचा. पाटलाचीच बायको बसून राहिली तर गाव कसं उठणार? अर्धं मळलेलं पीठ परातीसकट घेऊन ती बाई किती वेळा टेकडी चढली असेल, तिलाच माहीत. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण शिट्टी अजून खिशातच होती.

जीवन हैदराबादपासूनच विमानाचं तिकीट काढत होता. दिनकरराव म्हणाले, "चेन्नईपतूर रेल्वेनं येतो जावईबापू. तेवढाच देश दिसतो." देश काही दिसला नाही. जिंतूर ते परभणी एसटीत उभं. परभणी ते सिकंदराबाद एका सीटवर तिघं. पुढे चेन्नईपर्यंत वरचा बर्थ, त्यावर दगडाबाईंना चढवायला दोन माणसं लागली आणि उतरवायला तीन. मग विमान, मग बोट. बेटावर पोचेपर्यंत त्यांच्या पायांचे भोपळे झाले होते.

पहिला दिवस दिनकरराव खोलीत घोरत पडले. दगडाबाई संध्याकाळी तेवढ्या बाहेर ओट्यावर बसून हॉटेलच्या मॅनेजर सेल्वीबरोबर चहा प्यायल्या. हिला मराठी सोडून काही येत नाही, तिला मराठी सोडून सगळं येतं. तरी तासभर गप्पा झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दगडाबाई खुर्चीवर बसल्या. नुसत्या बसल्या नाहीत, पाय वर घेऊन टेकल्या. समोर समुद्र लांब गेलेला, शांत. त्यांनी डोळे मिटले.

"अगं, माझी ब्लडप्रेशरची गोळी कुटं ठिवली?"

उठल्या. दिली. परत बसल्या.

"अगं, हितला चहा बग की, नुसती साखर हाय."

उठल्या. परत बसल्या. "आता तुमी तिकडं फिरून या बरं. लांब जा."

दिनकरराव फिरायला गेले. पाणी दिसलं की पाटलाचा हात शिवशिवतो. त्यांनी एक वाळकी काठी शोधली आणि पाण्याच्या कडेला रोवली. नदीला पाणी वाढतंय का उतरतंय, हे बघायची गावाकडची पद्धत. उगीच आपली, सवय म्हणून.

नऊ वाजता येऊन बघितलं तर काठी अर्धी बुडालेली. त्यांनी दुसरी काठी बरीच वर रोवली. साडेनऊला पहिली गायब आणि दुसरीच्या बुडाला पाणी.

दिनकररावांनी आभाळाकडे बघितलं. ढगाचा ठिपका नाही. कडक ऊन. आणि सत्तावीस वर्षांचा अनुभव एकच सांगत होता. पाऊस असताना पाणी वाढलं तर पाऊस. ऊन असताना वाढलं तर वरून सोडलंय.

त्यांनी जावयाला फोन लावला. रेंज नाही. मग ते तडक सेल्वीकडे गेले.

"मॅडम, पानी छोडे क्या तुम लोगां?"

सेल्वी बिलं लिहीत होती. तिला वाटलं, अंकलला अंघोळ करायचीय. "हां अंकल, छोड दिया. बारा बजे तक आएगा."

"और किसीकू बताए नै?"

"सबको मालूम है अंकल."

"खाक मालूम हाय," दिनकरराव पुटपुटले. बाहेर वाळूवर पंधरा-वीस माणसं आरामात लोळत होती. एक नवं जोडपं पाण्यात फोटो काढत होतं. एक म्हातारा चष्मा पोटावर ठेवून झोपला होता. काय बेफिकीर लोक!

दिनकररावांनी खिशातून शिट्टी काढली.

त्या शिट्टीला जिंतूर तालुक्यात मान होता. इथेही मिळाला. सगळे ताडकन उठून बसले. "घबरानेका नै! पानी छोड्या है! अपना अपना सामान लेको टेकडी पे चलो! पहले बायका, बच्चे!" कशाचं पाणी, कुठून सोडलं, कुणीच विचारलं नाही. शिट्टी वाजवणारा माणूस घाबरलेला नसला की लोकांना वाटतं, याला सगळं माहीत असणार. दहा मिनिटांत हॉटेलमागच्या टेकडीची वाट धरून रांग लागली. म्हाताऱ्याचा चष्मासुद्धा दिनकररावांनी आठवणीने उचलला.

राहिली एक खुर्ची.

"ऊठ."

दगडाबाईंनी एक डोळा उघडला. "कामून?"

"पानी यायलंय!"

"येऊ द्या."

"अगं, येड लागलं का? लोकं काय म्हनतील? माझी बायको बसलीय अन् बाकीचे पळायलेत!"

"तुमी शब्द दिला हुता. कुनी उठ म्हनायचं न्हाई."

"तवा पानी कुटं हुतं?"

"तुमी व्हा म्होरं. गुडघ्याला लागलं की येते."

एवढ्या वर्षांत ही बाई पहिल्यांदाच उठली नव्हती. दिनकररावांना काय करावं सुचेना. इकडे बायको, तिकडे वीस माणसं वाट चुकायला लागलेली. शेवटी पाटीलकी जिंकली. "लवकर ये गं!" असं चारदा ओरडत ते चढणीला लागले.

टेकडीवर त्यांनी माणसं मोजली. एकोणीस. दोनदा मोजली. विसावं माणूस खाली झाडाखाली दिसत होतं, पाय लांब करून. पाणी त्याच्याकडे सरकत होतं आणि दिनकररावांचा जीव वर-खाली होत होता. खुर्चीपासून दहा हात. पाच हात. त्यांना राहवेना. ते चढण उतरून पळत सुटले. वाटेत सेल्वी धापा टाकत वर येताना भेटली.

"अंकल! क्या हुआ? सब लोग किधर गए?"

"पानी! मेरी बाई!"

"अंकल, वो तो समुंदर का ज्वार है! रोज आता है, रोज जाता है!"

भरती! दिनकरराव जागीच थांबले. मग हळूहळू चालत खाली आले. पाणी खुर्चीच्या पायांपर्यंत येऊन थांबलं होतं. दगडाबाईंनी लुगडं जरा वर धरून सुजलेले पाय त्यात सोडले होते. पूर्ण किनाऱ्यावर दुसरं कुणी नाही. लाट यायची, पाय धुऊन जायची.

"तुला ठावं हुतं?"

"कालच्या चहाला कळलं. सेल्वीनं हातानं करून दावलं. दिसातून दोनदा येतंय, दोनदा जातंय."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

दगडाबाईंनी पाय पाण्यात आणखी लांब केले. डोळे मिटून घेतले.

दिवसभर दिनकरराव खोलीबाहेर आले नाहीत. जेवायला तेवढे आले, तेही मान खाली घालून बसले. आश्चर्य म्हणजे कुणी रागावलं नव्हतं. टेकडीवरून लांबचं दुसरं बेट दिसतं, हे त्या लोकांना दिनकररावांमुळेच कळलं होतं. नव्या जोडप्याचे फोटो तिथेच चांगले आले होते. चष्मेवाल्या म्हाताऱ्याने तर येऊन हातात हात घेतला आणि उद्याही टेकडीवर न्याल का, असं विचारलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दगडाबाई खुर्चीवर जाऊन टेकल्या. पाच मिनिटांत शेजारच्या खुर्चीवर दिनकरराव येऊन बसले. शिट्टी नाही, काठी नाही. पडलेला चेहरा.

"शांत वाटायलंय न्हाई?" ते म्हणाले.

"हूं."

"म्या म्हनलं, आता तुज्यासंगंच बसावं. अगं, जिंतूरला आता पाऊस असल का गं? त्या शेळ्यांला कुनी चारा टाकला असल का? हितं मासे कसे दिसत न्हाईत? अगं, झोपलीस का? ह्या खुर्चीला खिळे किती बग…"

दगडाबाई उठल्या. स्वतःहून, कुणी न म्हणता. खोलीत गेल्या, पिशवीतून शिट्टी काढली, पाण्याची बाटली भरली आणि दोन्ही नवऱ्याच्या हातात दिल्या.

"जा," त्या म्हणाल्या. "पानी वाढायलंय."

"अगं, ती तर भरती हाय."

"असू द्या. मानसं वाट बघायलेत."