पांडूअण्णांची सह्यांची वही

पांडूअण्णांना काही शिकवायचं म्हणजे सही करायची तयारी ठेवावी लागते. नोकरीसाठी मैसूरला आले त्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे ब्लाउज शिवायला टाकले. फोनवरचा फोटो दुसऱ्याला कसा पाठवायचा, असं त्यांनी विचारलं. मी दाखवलं. त्यांनी दोनदा करून बघितलं आणि मशीनच्या खणातून एक लांबोडी वही काढून माझ्यापुढे ठेवली. तारीख, काय शिकलो, कुणी शिकवलं आणि शेवटी सही.

"सही घाला मिस्," ते म्हणाले. इकडे शिक्षिकेला मिसच म्हणतात, मग ती पन्नाशीला टेकलेली आणि दोन मुलांची आई का असेना.

शिवरामपेटेतल्या एका बोळात त्यांचं शिवणाचं दुकान आहे. घरी मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड आणि माझ्याशी दोन्हींची सरमिसळ. लिहिणं मात्र सगळं कन्नडमध्ये. त्या घरात मराठी लिहिणारे शेवटचे म्हणजे त्यांचे वडील, अप्पा. माझं सांगलीचं मराठी ऐकून अण्णा खूश होतात, पण तुम्ही फार रागात बोलता, असंही सुनावतात.

वही मोठी मजेची होती. स्पार्क प्लग साफ करायला शिकवणाऱ्या गॅरेजवाल्याची सही ग्रीसच्या ठशासकट होती. हेब्बाळच्या कंपनीतला एक इंजिनिअर पँटची उंची कमी करायला आला आणि कॉम्प्युटरवर बेरीज करायला शिकवून गेला, त्याचीही होती. बैलकुप्प्याच्या एका भिक्षूनं चिवराची घडी शिकवली आणि तिबेटीत सही केली. ती कुणालाच वाचता येत नाही, म्हणून अण्णांच्या मते ती सगळ्यांत वजनदार. टी. नरसीपूरच्या व्याह्यांनी त्यांना नदीत पोहायला शिकवलं होतं, पण त्या नोंदीपुढे अण्णांनीच शेरा मारला होता, "अर्धंच आलं."

पुढे आमच्या कॉलेजात एक समिती निघाली. वर्गाबाहेर शिकलेल्या गोष्टींना क्रेडिट द्यायचं आणि प्रत्येकाची स्वतंत्र शिक्षण-नोंद ठेवायची, असं ठरलं. त्या बैठकीच्या दिवशी मी रजेवर होते, त्यामुळे समितीची प्रमुख मीच झाले. मुलांनी ऑनलाइन प्रमाणपत्रांचा ढीग घातला. एकानं तर दोन तासांत नेतृत्व शिकल्याचा पुरावा आणला, आणि काही विचारलं की तो शेजारच्याकडे बघायचा. कागद सगळे चकचकीत, पण पोराला येतं काय ते एकातूनही कळेना. मला सारखी ती लांबोडी वही आठवायची. कुणाकडून शिकला, कितपत आलं, सगळं तिच्यात होतं.

हे मी अण्णांना सहज सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून, वही बगलेत मारून कॉलेजात हजर. आमच्या वस्त्र-विभागाच्या संध्याकाळच्या डिप्लोमाला बाहेरच्या लोकांनाही प्रात्यक्षिकाचं क्रेडिट मिळणार होतं.

"मोठं काय नको मिस्. टेलरिंग येतं म्हणून एक कागद पाहिजे, तेवढंच."

चौसष्ट वर्षांचा माणूस. दसऱ्याच्या मिरवणुकीतल्या बँडवाल्यांचे कोट आजही त्यांच्याकडेच येतात. आता तुम्हाला कागद कोण विचारतंय, असं मी म्हटलं, तर ते गळ्यातली टेप नुसतीच गुंडाळत राहिले.

अर्जाला पुरावा लागतो, म्हणून मी वही चाळली. दोनशेच्या वर नोंदी, पण शिवणकामाची एकही सापडेना. शेवटी मी अगदी पहिलं पान उघडलं. टेलरिंग. शिकवणारे, अप्पा. सहीची जागा रिकामी.

मग ते हळूहळू बोलले. शिवून झालेला कपडा अप्पा आधी उलटा करायचे. बाहेरून कुणीही छान शिवतो, शिंपी आत दिसतो, असं त्यांचं म्हणणं. आतली शिवण बघायची आणि कपडा बाजूला ठेवायचा. बरं म्हणणं नाही, वाईट म्हणणं नाही.

"शेवटी दिसत नव्हतं त्यांना, तरी बोटांनी शिवण चाचपायचे. मी उभाच असायचा समोर. एकदा जमलं म्हणतील म्हणून. म्हणाले नाहीत. आजून उभाच आहे, नोडी, बघा."

मला गलबलून आलं. त्या भरात मी म्हटलं, अण्णा, इथं मी करते सही. त्यांनी चटकन वही ओढून घेतली. ती जागा दुसऱ्याची होती.

परीक्षा घ्यायचं ठरलं. वस्त्र-विभागाच्या तरुण बाईंसमोर अण्णांनी दोन दिवसांत कोट बेतून शिवला. बाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी कोट घेतला आणि पहिल्यांदा उलटा केला. अण्णा हात बांधून उभे राहिले. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. बाईंनी शिवणीवरून बोट फिरवलं आणि पूर्ण क्रेडिट दिलं.

पुढची लढाई माझी होती. शिक्षण-नोंदीत शिकवणाऱ्या संस्थेचं नाव घातल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकेना. स्वयंशिक्षित लिहून मोकळे व्हा, असं प्राचार्य म्हणाले. मी सांगलीच्या मराठीत त्यांच्याशी भांडले. त्यांना ते फारसं कळलं नसावं, पण आवाज पोचला. संस्थेच्या रकान्यात अप्पांचं नाव गेलं.

कागद घेऊन मी स्वतः दुकानात गेले. अण्णांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. वडिलांच्या नावापाशी बोट थांबलं. मग सवयीनं त्यांनी कागद उलटा केला आणि मागची बाजू बघितली. ती कोरी होती.

"इथं लिहा मिस्," ते म्हणाले, "जमलं म्हणून. मराठीत. अक्षर स्वल्प वाकडं घाला. अप्पांचं तसंच होतं."

शिक्क्याच्या कागदावर एक अक्षरही जास्तीचं चालणार नाही, असं समितीत मीच सगळ्यांना बजावलं होतं. मी पर्समधून पेन काढलं. उभ्यानंच, मशीनच्या कडेला कागद टेकवून 'जमलं' लिहिलं, त्यामुळे अक्षर आपोआपच वाकडं आलं.

अण्णांनी त्या शब्दावरून शिवण चाचपावी तसं बोट फिरवलं, आणि मशीनसमोरच्या स्टुलावर टेकून तो कागद तसाच, उलटा, हातात धरून बसले.